रामनवमीचा सोमवार

आमची लेक जपानला कारखान्यात कामाला. रोजचा फोन दोन मिनिटांचा, रविवारीही ओव्हरटाइम. तासभर गप्पा फक्त तिकडच्या सणासुट्टीला. म्हणून तिनं मागच्या वर्षी तिकडचं कॅलेंडर पाठवलं, तेव्हा बायकोनं ते मेहकरच्या घरात थेट देवघराशेजारी टांगलं.

जुलैत समुद्राची सुट्टी निघाली. बायकोनं फोनवर विचारलं, "समुद्राले उपास रायते का निवद?"

"काहीच नाही वं आई. लोकं झोपतात."

"देव नाही, उपास नाही, अन् नुसती सुट्टी?" हे काही तिच्या पचनी पडेना. मला मोटरसायकल काढायला लावून ती लोणारला गेली आणि तिनं तळ्याला लांबूनच हात जोडले. पाणी खारं आहे, तेवढं तिला पुरलं. ऑगस्टात डोंगराची सुट्टी आली, तेव्हा मी गुडघा धरून बसलो. सप्टेंबरात म्हाताऱ्यांचा मान राखायची. लेकीनं फोनवरून नमस्कार केला आणि आम्ही दोघंही तिच्यावर चिडलो.

मी जातीचा कारकून. मला जपान्यांची एकच गोष्ट भावली: सण रविवारी आला तर बदली सोमवार देतात. आमच्या ऑफिसात नवं कॅलेंडर आलं की रविवारी गेलेले सण मोजून सगळे सुतकी तोंडानं बसतात. हे मी बायकोला इतक्यांदा ऐकवलं की ती कान झाकायची.

लेकीकडून यंदाचं कॅलेंडर आलं. बायको पानं उलटता उलटता जूनवर थांबली. रविवार सोडले तर एकही लाल तारीख नाही. "महिनाभर पोरगी धड बोलणार नाही?" तिचा आवाज चिरकला. मी पेपर तोंडासमोर धरला.

तिनं तडक लेकीला फोन लावला. "मागच्या साली रामनवमी रविवारी गेली. तिचा सोमवार राह्यला. तो मले जूनमदी पाह्यजे!"

"तसं नसते वं आई," म्हणत पोरगी हसत सुटली. बायकोनं मात्र स्केचपेननं जूनचा तिसरा सोमवार लालभडक करून टाकला. मी म्हटलं, "जपान सरकारलेही कळव." त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

जूनचा तो सोमवार आला. मी ऑफिससाठी शर्ट घालत होतो, तेवढ्यात अवेळी लेकीचा फोन आला.

बायको घाबरली. "काऊन वं, कामावर नाही गेली?"

"सुट्टी घेतली."

"कायची?"

"रामनवमीची."

बायको पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. मी शर्टाची बटणं परत सोडली आणि साहेबांना कळवलं, आज येत नाही, घरी रामनवमी आहे.