रिकाम्या पोटी

सकूच्या मानेला डाव्या बाजूला गाठ आली, ती आधी हरभऱ्याएवढी होती. भाताची लावणी उरकेपर्यंत ती बोराएवढी झाली, तेव्हा नवरा सखा म्हणाला, जव्हारला दाखव. सूर्यमाळच्या पाड्यावरून जव्हारला जायचं म्हणजे पहाटे डोंगर उतरायचा, मग एसटी. सकू गेली. डॉक्टरांनी गाठ चाचपली, तुकडा काढून तपासायला हवा म्हणाले, आणि त्याआधी रक्ताची तपासणी. सकाळी काही खाऊन यायचं नाही, एवढं बजावलं.

सकूने ते तंतोतंत पाळलं. रात्रीच्या जेवणानंतर तोंडात शीत घातलं नाही. तरी रिपोर्टात साखर वाढलेली. आधी साखर खाली आणू, मग मानेचं बघू, असं ठरलं. गोळ्या दिल्या. महिन्याभराने परत रक्त, परत साखर जास्त, मग गोळी वाढवली. त्या गोळ्यांनी नागलीच्या शेतात तिला गरगरायचं, हातपाय कापायचे. सांगायला जावं तर उत्तर एकच, पथ्य पाळत नसाल. सकूचं डोकं भडकायचं. गोड चहासुद्धा सोडला होता तिने, अजून काय सोडायचं? आणि ज्या गाठीसाठी एवढी पायपीट, तिच्याकडे आता कोणी ढुंकूनही बघेना.

चौथ्या खेपेला रक्त घ्यायला नवी नर्स होती. हर्षदा, सकूच्याच भागातली, मोखाड्याची पोर. तिने सहज विचारलं, मावशी, सकाळी काय खाल्लंस? काही नाही, सकू ठसक्यात म्हणाली.

"मग पिलीस काय?"

"आंबील. दोन वाट्या."

डोंगर उतरायचा तर पोटात नागलीची आंबील हवीच. ते काय खाणं झालं? खाणं म्हणजे भात, भाकर. तिची आईसुद्धा आंबील पिऊन उपाशीच कामाला जायची.

हर्षदाने कपाळाला हात लावला. सकू मात्र तापली.

"खायाचा नाय सांगलात. पियाचा नाय, असा कोण बोलला?"

व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. तिला लाज वाटली आणि रडूही आलं. अडीच महिने असे वाया गेले होते.

त्या दिवशी ती माघारी गेलीच नाही, हर्षदाच्या खोलीवर राहिली. सकाळी नुसत्या पाण्यावर रक्त दिलं. साखर उलट कमीच भरली. गोळ्या बंद झाल्या.

दुपारी दुसरे डॉक्टर आले, शहरातले. त्यांनी तिची मान दोन्ही हातांनी चाचपली. एका गाठीच्या जागी आता तीन होत्या. त्यांचा चेहरा उतरला. कागद न बघताच त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मावशी, इतके दिवस घरी का बसलात? लवकर यायचं नाही का?"

चार वेळा डोंगर उतरून आलेल्या सकूने पिशवीतले सगळे कागद काढून त्यांच्यापुढे ठेवले.