अगाफ्या आत्याने काढलेलं रक्त

अलास्कातल्या आमच्या गावात डॉक्टर नव्हता. दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि त्यात माझी अगाफ्या आत्या होती. बोटात रुतलेला मासेमारीचा गळ काढण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं तीच बघायची. अडलं की बेथेल शहरातल्या डॉक्टरांना रेडिओवर विचारायची.

मी अकरा वर्षांची होते त्या हिवाळ्यात तिने गावातल्या एकूण एक माणसाचं रक्त काढलं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीन दिवस रांग होती. माझे बाबा येफिम हे तिचे धाकटे भाऊ. खुर्चीत बसत म्हणाले, "डास परवडले, ताई. ते निदान थंडीत तरी सुट्टी देतात."

"गप बस. मूठ आवळ."

एकशे त्रेसष्ट नळ्या विमानाने गेल्या. उत्तर आलं तेव्हा अकरा जणांच्या रक्तात काविळीचा विषाणू निघाला. त्यात आजी होती आणि बाबा होते. आत्याला तो कधीतरी होऊन गेला होता. तिच्या शरीराने त्याला हाकलून दिलं होतं, रक्तात फक्त खूण उरली होती. ज्यांचं रक्त कोरं निघालं त्यांना त्याच स्वयंपाकघरात लस टोचली. मलाही. मी रडू नये म्हणून बाबांनी मला मांडीवर धरलं होतं.

"आणि मला?" त्यांनी विचारलं.

"तुला उपयोग नाही. तुझ्यात तो आधीच शिरलाय."

"म्हणजे मी आजारी आहे?"

"नाही."

"मग बरा आहे?"

आत्याने पुढची सुई उचलली.

"औषध काय?"

"औषध नाही, येफिम."

"मग रक्त कशाला काढलंस गं?"

तिने समजावून सांगितलं. विषाणू यकृतात वाढतो आणि रक्तातून फिरतो. बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. काहींच्या यकृतात मात्र कर्करोगाची गाठ धरते, आणि आपल्या लोकांत ती ऐन तरुणपणी धरते. रक्तात एक आकडा असतो. तो चढला की वेळेत जायचं, गाठ लहान असेल तर कापून काढता येते. म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं.

त्यानंतर आत्या त्या अकरा जणांच्या मागे हात धुऊन लागली. कोणी मासेमारीच्या तळावर गेला तर होडी घेऊन तिथे हजर. कोणी वाफेच्या स्नानाला बसला तर दाराबाहेर उभी. "बाहेर ये, उघडाच ये, मला हातच हवाय तुझा." बाबांनी मात्र एकही खेप चुकवली नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांची तारीख नेमकी नदी गोठायच्या दिवसांत आली. गावाला धावपट्टी नव्हती, विमान नदीवरच उतरायचं, आणि बर्फ पुरतं धरेपर्यंत काहीच उतरू शकत नव्हतं. आत्याने ठरल्या दिवशी रक्त काढलं आणि नळ्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. रोज सकाळी ती काठावर जाऊन पहारीने बर्फ ठोकून बघायची. एकोणीस दिवस गेले.

आकडा चढल्याचं कळलं तेव्हा बाबा नुकतेच शिकार केलेल्या मूस हरणाची अख्खी मांडी पाठीवरून घेऊन घरी आले होते. आत्या दारात उभी होती. तिचा चेहरा पाहून ते हसले. "अगं, बघ तरी माझ्याकडे. यात कुठे आजार दिसतो तुला?"

"नाही दिसत," ती म्हणाली. "पण उद्याच्या विमानाने निघ."

अँकरेजच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी पोट उघडलं. गाठी यकृताच्या दोन्ही बाजूंना पसरल्या होत्या. पोट पुन्हा शिवलं आणि बाबांना घरी पाठवलं. ते चौतीस वर्षांचे होते.

ते एकोणीस दिवस वाचले असते तर काही फरक पडला असता का, हे आत्याने डॉक्टरांना विचारलं होतं. मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं तिने. "नाही म्हणाले गं. पण फार पटकन म्हणाले."

मार्चपर्यंत बाबांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, पोट फुगलं. रोज जेवणात लागणाऱ्या सीलच्या तेलाचा वासही सोसेना. आत्या दिवसातून दोनदा येऊन वेदना थांबवायचं इंजेक्शन द्यायची. तिच्या हातात तेवढंच उरलं होतं. एका दुपारी आजी त्यांच्या उशाशी हातमोजा शिवत बसली होती. मान वर न करताच तिने विचारलं, "अगाफ्या, हे माझ्याकडूनच गेलं ना त्याला?"

"कळायला मार्ग नाही, आई. पोरांच्या खरचटण्यातून जातं, एका टॉवेलमधूनही जातं."

"माझ्यात आहे. त्याच्यात आहे. मी शिकले नाही, पण एवढं कळतं मला."

आत्या हातातली सुई ठेवून जमिनीवरच बसली. "माझ्यातही होतं, आई. तू मासे कापायला जायचीस तेव्हा याला पाठीवर कोण घ्यायचं? दात नव्हते याला, तेव्हा सुका सॅमन आपल्या तोंडात चावून चावून कोण भरवायचं? मीच ना?"

आजीची सुई थांबली. बाबा झोपलेत असं आम्हाला वाटत होतं. डोळे न उघडता ते म्हणाले, "भांडू नका गं दोघी. चव चांगली होती."

आत्या हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. आजीने हातमोजा तोंडावर धरला.

बाबा एप्रिलमध्ये गेले. जमीन अजून दगडासारखी होती. कबर खणायला गावातल्या पुरुषांना दोन दिवस लागले.

आत्याने काम सोडलं नाही. पुढे जन्मलेल्या प्रत्येक बाळाला तिने लस टोचली, आणि त्यांच्यातल्या एकाच्याही रक्तात तो विषाणू आजवर निघालेला नाही. लोक तिला हे कौतुकाने सांगायचे. ती मान डोलवायची आणि चहाचं पाणी ठेवायला उठायची.

आजी एक्याण्णव वर्षं जगली, विषाणूसकट. शेवटपर्यंत वर्षातून दोनदा ती दवाखान्यात येऊन हात पुढे करायची. निकाल आला की आत्या स्वतः घरी जाऊन सांगायची, "याही वेळी ठीक आहे, आई."

आजी बाही खाली ओढायची आणि खिडकीकडे तोंड करून बसायची.