जावई नावाचा नंबर

आमच्या घरात माणसाला नावानं हाक मारायची पद्धत नाही. नवऱ्याचं नाव मी घेतलं ते उखाण्यात, तेही मागून कुणीतरी ढोसलं म्हणून. त्यामुळे माझ्या फोनमध्येही नावं नाहीत, नाती आहेत. नवरा म्हणजे 'मालक'. शेजारीण 'पलीकडच्या वहिनी'. दीर 'भाऊजी राधानगरी'. मुलीची सुपारी फुटली त्याच दुपारी मी चष्मा लावून बसले, 'स्थळ वडगाव' खोडलं आणि तिथं 'व्याही' लिहिलं. मग 'विहीणबाई'. मग 'जावई'.

पोरगी बघत होती. म्हणाली, "अगं आई, अजून लग्न व्हायचंय."

"सुपारी फुटली म्हंजे झालंच की. आता काय राहिलंय?"

असली मी शहाणी.

मी घरात कांदा-लसूण चटणी करून विकते. होळी झाली की मिरची वाळवायची, खोबरं-तीळ भाजायचे, कांडपावर जाऊन कुटून आणायचं, हा माझा उन्हाळा. त्या हंगामात एक फोन आला. हिंदी बोलणारा माणूस, आवाज अगदी साहेबी. कुठल्याशा कॅन्टीनला मोठी ऑर्डर हवी होती आणि पैसे आधी देतो म्हणाला. आता कोल्हापुरात 'पैसे आधी देतो' म्हणणारं गिऱ्हाईक कुणी बघितलंय? इथं शेजारीण किलोभर चटणी नेते आणि गणपतीत पैसे देते. मी विरघळलेच. त्यानं मोबाईलवर तो काळा-पांढरा चौकोन पाठवला, म्हणाला हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे यायला पिन लागत नसतो, हे आज मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. त्या दिवशी टाकला. खातं धुऊन निघालं.

मी ओरडले तसा तो बापडा इतका हळहळला, की मलाच त्याची दया आली. चुकून झालं, परत करतो, म्हणाला, फक्त एक ॲप टाकून घ्या. टाकलं. मग माझ्याच फोनवर माझं बोट न लागता अक्षरं उमटायला लागली. मी आ वासून बघत राहिले आणि कढईत खोबरं करपून कोळसा झालं. घरभर धूर भरला तेव्हा पोरगी धावत आली, तिनं आधी गॅस बंद केला आणि मग माझ्या हातातला फोन हिसकावून बंद केला.

दुसऱ्या दिवशी पोलिसात तक्रार दिली. नीट वागवलं त्यांनी, खोटं कशाला बोलू. बसवलं, लिहून घेतलं, शिक्का मारलेला कागद हातात दिला. मालकांनी कागद वाचला, घडी घालून कपाटात ठेवला. ते शिरोलीच्या फौंड्रीत आहेत, भट्टीपाशी उभं राहून त्यांचं बोलणंच आटलंय. मी मनात म्हटलं, गेला एक हंगाम, सुंठ महाग पडली पण खोकला गेला असं समजू. पण खोकला कुठला जातोय, तो तर आता सुरू व्हायचा होता.

एका सकाळी एका मुलीचा फोन आला. गोड आवाज, पुस्तकातली मराठी.

"मॅडम, आपला हप्ता थकलाय."

"कसला हप्ता? फ्रिजचा तर दिवाळीतच फिटला."

"लोन घेतलंय ना आपण."

तेव्हा कळलं. त्या भाद्दरानं माझ्या खात्यातलं तर नेलंच, वर माझ्याच फोनवरून माझ्या नावावर झटपट कर्ज काढलं आणि तेही उचलून नेलं. कर्ज माझं, पैसे त्याचे. मी त्या मुलीला सगळी हकीकत सांगितली, तक्रारीचा नंबर सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते आपलं आपण बघा मॅडम. संध्याकाळपर्यंत भरा."

संध्याकाळपासून बाप्यांचे फोन सुरू झाले. त्यांची भाषा मी इथं लिहीत नाही. मी काही शिव्यांना घाबरणारी बाई नाही, आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं त्या वेळी येऊन बघा. पण ती शिवी तोंडावर असते, माणूस दिसतो, दुपारी तीच बाई वाटीभर साखर मागायला येते. इथं समोर कोण आहे तेच कळत नाही. एक नंबर बंद केला की दुसऱ्यावरून येणार.  कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायला लागले.

कर्ज देताना त्यांनी माझ्या फोनमधली सगळी यादी उचलून नेली होती. पहिला फोन लावला तो 'मालक' बघून. त्या शहाण्याला वाटलं, हे माझे शेठ. म्हणाला, तुमच्याकडची बाई पैसे बुडवून बसलीय, तिच्या पगारातनं कापा. मालक म्हणाले, "पगार तीच माझ्याकडनं काढून घेती, कापू कुठनं?" घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही तिघंही हसलो. त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात कुणी हसलं नाही.

मग पलीकडच्या वहिनींना फोन गेला. मग राधानगरीच्या भाऊजींना. ते घाबरून, "वहिनी, काय लागलं असतं तर आमाला सांगायचं हुतं की," म्हणाले. आता यांना काय काय समजावू? आणि एका दुपारी ती गोड आवाजाची मुलगी परत फोनवर आली.

"मॅडम, इथं व्याही म्हणून एक नंबर दिसतोय. आणि एक जावई. लावू का?"

 नावं लिहिली असती तर कोण कुठला, त्यांना कळलं नसतं. मी मात्र कौतुकानं पाटी लावून ठेवली होती, या बाबांनो, मला मारायचं तर इथं मारा.

"लावू नका," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या हातापाया पडले, तेही फोनवर.

"मग भरा," ती म्हणाली.

मालक जेवता जेवता म्हणाले, "भरून टाकू. कामगारांच्या सोसायटीतनं उचलतो."

"मी घेतलंच न्हाय तर भरू कशापायी? परत गेले तवा पोलिसांनी सांगितलंय, भरू नका म्हणून."

"तू घेतलं न्हाईस हे मला ठावं हाय. वडगावला कुठं ठावं हाय?"

 पेठ वडगावला व्याह्यांचं भुसारी दुकान आहे. पिढीजात व्यापारी माणसं, शब्दावर माल देणारी आणि शब्दावरच बंद करणारी. बाजारात उधारी बुडवणाऱ्याला तिथं कुणी ओट्यावर उभं करत नाही. आणि मुलगा म्हणाल तर हजारात एक, पोरीशी तासन् तास बोलायचा, ती गच्चीवर जाऊन खुदुखुदु हसायची. मी स्वतःच आधी जाऊन सांगावं म्हटलं, तर सांगू काय? माझ्या नावावर कर्ज आहे, पण ते मी घेतलेलं नाही? सगळे बुडवे हेच म्हणतात. मी त्यांच्या जागी असते तर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता.

एक माणूस दारातही येऊन गेला. भर दुपारी, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. मला वाटलं, मीटरवाला. पाणी मागितलं, मी तांब्या दिला. पाणी पिऊन तो पायरीवर बसला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायला लागला, लग्नाला पैसा आहे, कर्ज फेडायला नाही. समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. मीही आवाज चढवला, कागद नाचवला. तो हसला, तांब्या जागेवर ठेवला, आणि जाताना म्हणाला, "वडगावचा पत्ता बी हाय आमच्याकडं, मावशी." मी आत येऊन बसले ती उठलेच नाही. पोरीनंच भात टाकला.

त्याच आठवड्यात वडगावहून निरोप आला. लग्नाचे कपडे दोन्ही घरांनी मिळून घ्यायचे, बस्ता बांधायचा, तो दिवस ठरलेला होता. तो पुढं ढकला म्हणाले. कारण सांगितलं नाही. "बघू जरा दमानं," एवढंच. व्यापारी माणूस 'बघू' म्हणतो तेव्हा काय समजायचं, ते मला कळतं.

आणि गंमत बघा, त्यानंतर वसुलीचे फोन एकदम बंद झाले. पार बंद. मी फोन हातात घेऊन बघायची, बिघडला की काय. मालक म्हणाले, दमले असतील. माझं मन मात्र मला खाई. खवळलेलं कुत्रं आपण होऊन गप होत नसतं, त्याला कुणीतरी काहीतरी टाकलेलं असतं.  पोरीला जावयाचे फोन यायचे, पण गच्चीवरनं हसू ऐकू यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी तीच मला म्हणाली, "आई, मोडायचं तर मोडू दे. पण आपण जाऊन सांगू. असं रोज मरण्यापेक्षा ते बरं."

"तू येऊ नकोस," मी म्हणाले. तिच्यादेखत ते मोडताना मला बघायचं नव्हतं. पोलिसाचा कागद पिशवीत घातला आणि एसटीत बसले. मुलीच्या आईनं न बोलावता, रिकाम्या हातानं तिच्या होणाऱ्या सासरी जाऊ नये, हे कळत होतं. पण पेढे कुठल्या तोंडानं नेणार? वाटेत मी सगळं पाठ करत होते, आधी हे सांगायचं, मग ते. वडगावला उतरले तेव्हा त्यातलं एक अक्षर डोक्यात राहिलं नव्हतं.

व्याही गल्ल्यावर बसले होते. मला बघून लगबगीनं खाली उतरले. "या, या पावणं! असं अचानक? घरात समदं बरं हाय न्हवं?" आत नेलं. विहीणबाईंनी पाणी दिलं, चहा टाकला. मी चहाला नको म्हणायच्या आत बोलायलाच सुरुवात केली. कॅन्टीन, चौकोन, ॲप, कर्ज, सगळं उलटसुलट. कागद पुढं ठेवला. दोघं एकमेकांकडं बघायला लागले.

व्याही हळूच म्हणाले, "मिटलंय ते. तुमी कशाला जिवाला लावून घेताय?"

"मिटलंय म्हंजे? कुणी मिटवलं?"

ते छताकडं बघत बसले. विहीणबाई बोलल्या. "फोन लई याला लागलं हुतं वं. दुकानात गिऱ्हाईक असताना, पोराला बी. मग ह्यांनी भरून टाकलं. बस्त्याचं बाजूला ठेवलेलं हुतं, त्यातनं. व्याह्यात काय हिशोब आसतोय व्हय?"

"काल आनी परत फोन आलता," व्याही म्हणाले. "दंड राहिलाय म्हणत्यात."

माझं डोकंच फिरलं. इतके दिवस त्या लोकांवर काढता आला नाही तो सगळा राग तिथं, त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात, बाहेर पडला. मुलीकडची बाई मी, आणि त्यांच्या घरात त्यांच्यावरच ओरडत होते.

"मला इचारायचं तरी हुतं! मी घेतलं न्हाय ते कर्ज! तुमी भरलं म्हंजे मी घेतलं असं झालं की! आता सोडत्यात व्हय ते? पैसं कुठनं निघत्यात ते कळलं त्यास्नी. आनी मी तुमचं पैसं कुठनं आनू?"

दुकानातला नोकर डोकावून गेला. चहा उतू गेला. व्याह्यांनी मान खाली घातली आणि अपराध्यासारखे म्हणाले, "आमाला खरंच वाटलं हुतं वं. लगीन काढलंय, गरज लागली आसंल, घेतलं आसंल तुमी. लाजंपायी बोलत न्हाईत, म्हणून आमी बी इचारलं न्हाय."

मी थांबले. खरंच वाटलं होतं. म्हणजे मी पैसे बुडवणारी बाई आहे असं या माणसांनी मनाशी धरलं होतं आणि मग बस्त्याचे पैसे काढून भरले होते. मी ज्याला भिऊन कुकरच्या शिट्टीला दचकत होते ते घडून गेलं होतं. इथंच, या घरात, मला नकळत. आणि तरीही पोरीला ते अजून आपल्याच घरची धरत होते.

"मग... मोडलं न्हाईसा?" मी विचारलं.

"कशापायी मोडायचं?" विहीणबाई गॅस पुसता पुसता म्हणाल्या. "पोर घरात आणायची म्हंजे तिच्या घरादारासकट आणायची की. कर्ज असलं तर कर्जासकट."

"पर कर्ज न्हवतंच वं!" मी परत ओरडले, आणि तिथंच, त्यांच्या शेगडीपुढं, पदर तोंडाला लावून ढसाढसा रडायला लागले.

विहीणबाईंनी फडकं बाजूला ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"मग बरंच झालं की," त्या म्हणाल्या. "रडताय कशाला?"