‘पहाटतारा’च्या र ची शेपटी

कुमुदताईंनी फोनवर फार बोलणं केलं नाही. “प्रश्नांची यादी पाठवू नका. एकच प्रश्न पाठवा, रविवारी संध्याकाळपर्यंत. आवडला तर मंगळवारी मुलुंडला घरी या. आणि त्याआधी माझी अक्षरं जिथे आहेत तिथे जाऊन बघा.” मग त्यांनी तीन ठिकाणं सांगितली: आरेतल्या एका पाड्यावरची बालवाडी, घाटकोपरची पिठाची गिरणी आणि गोराईची एक होडी. मी ती विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतली.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी शनिवार-रविवारच्या डिझाइनच्या वर्गात बसते. वर्गातली बाकीची मुलं माझ्या मुलीच्या, सईच्या वयाची आहेत. या सत्राचं काम असं की आपल्याला ज्यांच्यामुळे काही करावंसं वाटलं अशा तीन ग्राफिक डिझायनरांच्या मुलाखती घ्यायच्या. दोघं लगेच तयार झाले. कुमुदताई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आणि गेली कित्येक वर्षं मुलाखत देत नाहीत. पण माझ्यासाठी खऱ्या त्याच होत्या. दोन वर्षांपूर्वी गोराईला सहज फिरायला गेले असताना मी ‘पहाटतारा’ नावाची होडी पाहिली होती. त्यातल्या र ची शेपटी कान्याखालून पुढे जात, लाट ओसरावी तशी, नाळेपर्यंत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापर्यंत पोचली होती. जवळ जाळं विणत बसलेल्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, “मुलुंडच्या कुमुदबाईनं लिवलंय.” त्या आठवड्यात मी या वर्गाचा फॉर्म भरला.

“आई, सोळा प्रश्न काढलेस तू,” सई माझी वही बघत म्हणाली. “आता पंधरा फेकून दे.”

“कुठले पंधरा?”

“ते तू ठरव ना यार. डिझायनर तू आहेस.”

मला ठरवायची गरजच नव्हती. मला एवढंच विचारायचं होतं की ती शेपटी तुम्हाला कशी सुचली.

दोन्ही दिवसांचे वर्ग बुडवायचे ठरवून शनिवारी सकाळीच निघाले. आरेत जायचं असेल तर गोरेगाव पूर्वेहून आतून जाणारी बस घ्या, दहा-पंधरा रुपयांत काम होतं, आणि शक्यतो उजवीकडची खिडकी धरा. जानेवारीत तिथे सकाळी शाल लागते. बस एका वळणावर शहर सोडते आणि पुढच्या वळणावर ते आपल्यालाही आठवत नाही. तबेल्यांचा वास येतो, झाडांखाली धुकं बसलेलं असतं, मधूनच एखादी बाई लाकडाची मोळी घेऊन रस्ता ओलांडते. पाड्याच्या फाट्यावर उतरून दहा मिनिटं चालावं लागतं. वाटेत दुकान नाही, पाणी सोबत ठेवा.

बालवाडीच्या भिंतीवर बाराखडी आहे, जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर. वाचायला मला उकिडवं बसावं लागलं. अक्षरांच्या कडा शाबूत होत्या, पण पोटातला निळा रंग उडून आतला चुना दिसत होता.

“पोरांची बोटं,” तिथल्या ताई म्हणाल्या. “गिरवून गिरवून नेला रंग. त्या बाई इथे जमिनीवर बसून लिहीत होत्या म्हणे. सासूबाई सांगायच्या.”

“पुन्हा रंगवत नाही?”

“रंगवला तर बोटांना रस्ता कसा सापडेल?” असं म्हणून त्या खिचडी ढवळायला गेल्या. मी क वर बोट फिरवलं. भिंत तिथे गुळगुळीत आणि गार होती.

आरेतून मरोळपर्यंत रिक्षा केली आणि तिथून मेट्रोने घाटकोपर गाठलं. मेट्रोतून गच्च्या दिसतात, त्यांवर वाळत घातलेल्या गोधड्या आणि पतंगांच्या मांज्यात अडकलेले अँटेना दिसतात. त्या वेगात सगळं शहर कुणीतरी हलक्या हाताने पेन्सिलीने काढल्यासारखं वाटतं. घाटकोपरला पूर्वेला उतरून खाऊगल्लीत डोसा खा, पण दुपारीच. संध्याकाळी उभं राहायला जागा नसते.

गिरणी सापडायला वेळ लागला, कारण दारावर आता छापील फ्लेक्स आहे. मालक बापूभाई यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या, वयाने की पिठाने ते कळत नव्हतं.

“जुनी पाटी? आहे ना,” ते म्हणाले आणि कोपऱ्यातल्या फळीवरचे चार डबे उचलून खाली ठेवले. फळीवर पिठाचा जाड थर होता. बापूभाईंनी तळहाताने तो एकदा पुसला, आणि पिठातून ‘दळण’ वर आलं. लाल अक्षरं, ळ ची दोन्ही वर्तुळं जात्याच्या दगडांसारखी.

“टाकवत नाही बेन,” ते म्हणाले. “म्हणून डबे ठेवतो. कामात राहिली की घरात राहते.”

त्या रात्री वहीत मी शेपटीचाच प्रश्न पुन्हा सुवाच्य लिहिला. दिवसभर पाहिलेलं सगळं फार सुंदर होतं, पण त्याने माझा प्रश्न हलवला नव्हता.

रविवारी सकाळी बोरिवलीहून रिक्षाने खाडीच्या धक्क्यावर पोचले. बोटीला वीस-पंचवीस रुपये पडतात आणि दहा मिनिटांत तुम्ही पलीकडे असता. कांदळवनाच्या मुळांवर बगळे उभे होते, मागे चारकोपच्या इमारती उन्हात विरघळत होत्या. पलीकडून गावात शेअर रिक्षा मिळतात. मी मुद्दाम रविवार निवडला होता. इथल्या ख्रिस्ती घरांत रविवारी होडी बाहेर काढत नाहीत, म्हणजे ‘पहाटतारा’ हमखास किनाऱ्यावर असणार. चर्चमधली मिस्सा, रविवारची प्रार्थना, नुकतीच सुटली होती. नाताळचे कागदी तारे अजून पडव्यांतून लटकत होते, रंग उडालेले.

होडी तिथेच होती. शेपटी तशीच, लांब, निळसर हिरवी. मी वही काढून ती उतरवू लागले तेवढ्यात मागून आवाज आला.

“काय लिवतेस गो बाय?”

त्या एस्तेरमावशी, होडीच्या मालकीण, साठीच्या पुढच्या. अंगावर मिस्साचं लुगडं, हातात चपला. मी सगळं सांगितलं, मुलाखत, एकच प्रश्न, र ची शेपटी. शेपटी म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

“घरात चल,” त्या म्हणाल्या. “उन्हात नको.”

पडवीत त्यांनी फुगे दिले, तळलेले, गोडसर, आतून पोकळ मैद्याचे गोळे, आणि काळा चहा. नवरा, पीटरकाका, खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होते.

“ती शेपटी बाईची नाय,” मावशी एकदम म्हणाल्या. “माझी हाय.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“दर पावसात होरी वर काढतो. नारळी पुनवेच्या आधी रंगवतो. बाईनं सांगितलेलं, एस्तेर, दर वर्साला रंग दे, पण माझ्या रेघेच्या भायेर जायचं नाय. मी कधी नाय गेली. मग एका साली र च्या पुढलीच फळी कुजली. नवा तुकडा बसवला, तर जोड दिसायचा. तोंडावर डाग असल्यागत. मी ब्रश घेतला नि र ला तिथवर नेला.”

“नि मला म्हणाली, कुणाला बोलू नको,” पीटरकाका म्हणाले. “होरीला शेपूट लावलं हिनं. मला तर लग्नातच लावलंय.”

“तू चहा पी.”

“पीतोय ना.”

मावशींनी आवाज खाली आणला. “बाई परत आलीच नाय. बरं झालं. आली असती तर काय तोंड दाखवलं असतं?”

मी फुगा हातात धरून बसले. दोन वर्षं मी एका माणसाच्या हाताची भक्त होते आणि तो हात दुसऱ्याचाच निघाला होता. प्रश्न पाठवला असता तर कुमुदताईंना त्यांनी न काढलेल्या रेघेबद्दल विचारलं असतं, आणि मंगळवार संपला असता. आता दोन वाटा होत्या. गप्प राहून बाराखडीबद्दल काही शहाणं विचारायचं आणि मुलाखत वाचवायची, किंवा खरं लिहायचं. रेघेबाहेर जायचं नाही असं सांगून गेलेल्या बाईला खरं लिहिलं तर ती फोनही उचलणार नाही, असं वाटत होतं. आणि ते खरं माझं एकटीचं नव्हतंही.

निघताना मी विचारलं, “मावशी, सांगू का त्यांना?”

त्यांनी पडवीतून एकदा होडीकडे बघितलं.

“सांग,” त्या म्हणाल्या. “पण मी केलं सांग. याचं नाव मधी नको.”

परतीच्या बोटीत, भरतीचं पाणी वर येत असताना, मी फोनवर लिहिलं: ‘गोराईच्या होडीतल्या र ची शेपटी तुमच्या रेघेबाहेर गेली आहे. एस्तेरमावशींनी फळीचा जोड झाकायला ती लांबवली. मी तिच्यामुळेच या वर्गात आले, ती तुमची समजून. ती बघायला माझ्याबरोबर याल का?’ धक्का येईपर्यंत पाठवायचं बटण दाबलं नाही. मग दाबलं.

घरी आले. पायाला खाडीचा चिखल होता, तो धुतला. सईने विचारलं, “काय विचारलंस शेवटी?” मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आई, हा मुलाखतीचा प्रश्न नाहीये,” आणि मग, “पण भारी आहे.”

तुम्ही ही सहल केलीत तर तुम्हाला काय मिळेल ते मला सांगता येणार नाही. माझ्याकडे बोटांनी नेलेला निळा रंग राहिला आहे, पिठातून वर आलेला ळ राहिला आहे. अक्षर काढणाऱ्याचं किती आणि सांभाळणाऱ्याचं किती, हे आता मला वेगळं करता येत नाही. शुक्रवारपर्यंत येत होतं.

सातला दहा मिनिटं कमी असताना उत्तर आलं. ‘मंगळवारी मुलुंड नको. गोराई. माझे गुडघे गेलेत. पलीकडच्या धक्क्याला पायऱ्या किती आहेत?’

मी पायऱ्या पाहिल्याच नव्हत्या. सगळा वेळ अक्षरं बघत होते. निघताना घेतलेल्या नंबरवर मावशींना फोन लावला, कुमुदताई येताहेत म्हणून सांगितलं.

“तिला सांग, भरतीला ये,” मावशी म्हणाल्या. “भरतीला चारच पायऱ्या उघड्या असतात.” आणि मग, “मी रंग काढून ठेवते. दोन ब्रश ठेवते.”