मासोळीची लेस

बारामतीला गेले आणि भिगवण रस्त्यावरच्या त्या दुकानासमोरून जायची वेळ आली, की मी रस्ता ओलांडून पलीकडून चालते. तिथल्या बाईची मला भीती नाही. आत पाय टाकला तर माझं तोंड सुटेल, आणि एकदा सुटलं होतं तेव्हा पन्नास माणसं जमली होती.

आम्ही वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहतो. दुपारची भांडी झाली की आमच्या ओळीतल्या पाच-सहा जणी चाचींच्या ओट्यावर क्रोशाची सुई घेऊन बसायच्या. कुणाला विकायचं नव्हतं, नुसता नाद. आधी दाराची तोरणं, टीव्हीवरचे रुमाल असलं काहीबाही करायचो. आमच्या पोरी त्याला नाकं मुरडायच्या. मग मोबाईलवर क्रोशाची फॅशन आली आणि त्याच पोरी ब्लाऊजच्या बाहीला, ओढणीला, कुर्तीच्या गळ्याला हाताची लेस मागायला लागल्या. "मम्मी, मशीनची नको, हाताचीच पाहिजे." ऐकून बरं वाटायचं आणि रागही यायचा. इतकी वर्षं आम्ही काय पायानं विणत होतो का?

चाची आम्हा सगळ्यांच्या गुरू. त्यांचं माहेर भिगवणचं, माशांच्या व्यापारातलं. लहानपणी वडिलांच्या मांडीला टेकून त्या फाटकी जाळी सांधायच्या, तिथं त्यांची बोटं तयार झाली. लग्नानंतर हातात क्रोशाची सुई आली तेव्हा त्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक लेस काढली. एकामागं एक पोहणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या मासोळ्या, आणि खाली पाण्याची नागमोडी ओळ. कुठल्या पुस्तकात नव्हती, कुणी शिकवलेली नव्हती. बाकी सगळे नमुने त्यांनी आम्हाला हातचं न राखता दिले. मासोळी मात्र कुणाला नाही.

मला दिली त्याला कारण होतं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दोन महिने मी रोज त्यांच्या शेजारी बसून साखळीचे आणि खांबाचे टाके मोजून सांगत होते. त्या विणायच्या, मी मोजायची. शेवटी एक दिवस त्यांनी सुईच माझ्या हातात दिली.

"तूच घे आता. पर एक ध्यानात ठेव. नातीच्या लग्नातल्या ओढणीला मी ही लावणार हाय. तवर घराबाहेर जाऊ देऊ नको. लगीन झालं की कुणालाबी शिकव, माझी ना न्हाय."

"नाही जाणार, चाची," मी म्हणाले.

पुढं दिवाळीच्या ब्लाऊजचं माप द्यायला मी बारामतीच्या त्या दुकानात गेले. गर्दी होती, थांबावं लागलं. पिशवीत मासोळीचं अर्धवट काम होतं, ते काढून विणत बसले. दुकानाची मालकीण माझ्याच वयाची, बोलायला साखरेसारखी. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, हे तुम्ही करताय? हातानं?"

तिनं खुर्ची दिली, चहा मागवला, गिऱ्हाइकांना बोलावून माझी बोटं दाखवली. घरात माझ्या विणकामाला "दोऱ्याचा पसारा" म्हणतात. इथं अनोळखी बायका श्वास रोखून बघत होत्या. मी फुगले. खोटं कशाला सांगू, त्या अर्ध्या तासात मला चाचींची आठवणही झाली नाही. निघताना ती म्हणाली, "वीतभर तुकडा द्याल का? भिंतीवर फ्रेम करून लावते. लोकांना कळू दे खरी कला काय असते." मी तिथंच बसून टोक बांधलं आणि दिला. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही.

चार-पाच महिन्यांनी कळंबला नवऱ्याच्या मामेभावाच्या मुलाचं लग्न होतं. नवरीकडच्या तीन मुली एकसारखे ब्लाऊज घालून आल्या, आणि तिघींच्याही बाहीवर मासोळ्या. मी एकीचा दंडच धरला. ती दचकली. लेस नायलॉनची होती, चमकणारी, कडक. आणि दर तिसऱ्या मासोळीची शेपटी एका बाजूनं आखूड होती.

ती चूक माझी होती. दुकानात बायका कौतुक करत होत्या, त्या नादात माझा एक खांब सुटला होता. तुकडा देताना दिसला होता, पण कोण बघतंय म्हणून मी तसाच दिला. मशीननं त्या तुकड्यातल्या तीन मासोळ्या जशाच्या तशा उचलल्या होत्या आणि माझी चूक मीटरवारी छापली होती.

"कुठनं घेतली गं ही?"

"बारामतीत मिळते की, काकी. खूप चालू आहे सध्या."

मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी एकटीच बारामती गाठली. दुकानाच्या काचेत माझी फ्रेम होती. खाली चिठ्ठी: आमच्या आजीची पारंपरिक कला. शेजारी त्याच लेसची रिळं रचलेली, पांढरी, गुलाबी, मोरपंखी.

"तुमची आजी कुठली?" मी दारातूनच विचारलं.

तिनं मला लगेच ओळखलं. हसली. "अहो ताई, या ना. ते काय, लोकांना गोष्ट लागते. नुसती लेस कुणी घेत नाही."

"ज्या बाईनं ही लेस काढली ती जिवंत आहे. नातीच्या लग्नासाठी जपून ठेवली होती तिनं. तुम्ही न विचारता मशीनवर टाकलीत."

"तुम्ही स्वतः दिलीत मला."

"भिंतीवर लावायला दिली!"

तिचं हसू गेलं. "हे बघा, लेस काय कुणाच्या मालकीची असते? मासा काय कुणाच्या मालकीचा असतो? उद्या माझंही दुसरा कुणी उचलेल, मी रडत बसणार नाही. फॅशन अशीच चालते. तुम्हाला वाटत असेल तर इथं काचेत येऊन विणत बसा, व्हिडिओ काढू, तुमचंही नाव होईल."

काचेत. दुकानातल्या बाहुल्यांच्या शेजारी.

मी फ्रेम खाली उतरवली, मागचे खिळे वाकवले, तुकडा बाहेर काढला. ती ओरडायला लागली, कामाची मुलगी धावत आली. शेवटचं टोक मीच बांधलेलं, कुठं आहे ते मला डोळे मिटूनही सापडलं असतं. दातानं गाठ तोडली आणि दोरा ओढला. क्रोशाचं काम एकदा सुटलं की सरसर उसवतं. गिऱ्हाइकं, रस्त्यावरची माणसं, शेजारचा चपलांचा दुकानदार, सगळे बघत होते. एकेक मासोळी माझ्या हातात नुसता वाकडातिकडा दोरा होत गेली. ती म्हणत होती, "वेडी आहे ही बाई, पोलिसांना बोलवा." मी तिला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. रिळं मात्र तशीच रचलेली राहिली, त्यांना मी हात लावला नाही. लावून काय होणार होतं? गोदामात आणखी असतील.

परत आले ती थेट चाचींकडे. वाटलं, सगळं सांगावं, दोरा त्यांच्यापुढं ठेवावा, म्हणजे त्यांचा राग थोडा तरी उतरेल.

चाची पलंगावर बसल्या होत्या. समोर नातीची ओढणी, चारी कडांना मासोळ्या लावून पुरी झालेली. मी बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "नात आली व्हती परवा. दावली तिला. म्हणाली, आजी, ही तर समद्यांकडं हाय."

मी सगळं सांगितलं. दुकान, तुकडा, भांडण, उसवणं.

"भांडून आलीस, झाक केलंस," त्या म्हणाल्या. "पर ते तू तुझ्यासाठनं केलंस. माझ्याकडं कवा आलीस? समदं झाल्यावर."

"चाची, चुकले मी."

"त्या बाईला मी काय म्हनू? ती परकी. तिनं मला शब्द दिला नव्हता." त्यांनी ओढणीची घडी घातली. "जा आता. माझी नमाजाची येळ झाली."

नमाजला अजून अवकाश होता, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

नातीच्या लग्नाची पत्रिका त्यांच्या मुलानं दारातूनच दिली. मी गेले. ओढणीला बाजारातली जरीची किनार होती. बायकांच्या रांगेत चाचींनी प्रत्येकीला जवळ घेतलं. माझ्यापाशी आल्यावर "जेवलीस का?" एवढं विचारलं आणि उत्तर ऐकायला थांबल्या नाहीत.

त्याला वर्ष होत आलं. दुपारची बैठक आता दुसरीच्या ओट्यावर भरते, चाची येत नाहीत. पहिले काही महिने मी अपराधी होते. आता खरं सांगायचं तर मला त्यांचाही राग येतो. दोन महिने डोळे होऊन बसले होते त्यांच्यासाठी, त्याचं काहीच नाही? असं मनात येतं, आणि मग स्वतःचीही चीड येते, पण पहिला राग त्यानं जात नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतात.

परवा आमच्या ओळीत नवीन आलेली एक मुलगी सुई-दोरा घेऊन आली. म्हणाली, "काकू, मासोळी तुम्हाला येते म्हणे. शिकवाल?"

"नाही येत," मी म्हणाले, आणि तिला साधी शिंपल्याची लेस शिकवली.