मॅडमचं कागदी विमान

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. मानोऱ्याच्या शाळेत मी आणि मॅडम, आम्ही दोघं इंग्रजी शिकवायचो. ‘टेक ऑफ’चे अर्थ मी फळ्यावर लिहून पाठ करून घ्यायचो. मॅडम वर्गात चप्पल काढून म्हणायच्या, “टेक ऑफ!” मग कागदी विमान उडवायच्या, “हे बी टेक ऑफ!” भिंतीपलीकडचा तो हशा ऐकून माझा जळफळाट व्हायचा. मॅडम वर्गात तमाशा करतात, असं मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. त्यांनी मॅडमचा दहावीचा वर्ग काढून मला दिला. मग मीही विमानच उडवलं. पालकांनी माझी वाहवा केली. मॅडम एवढंच म्हणाल्या, “पोरायले समजून राह्यलं ना सर? मंग झालं.” निवृत्तीनंतर धनजला त्यांच्याकडे जाऊन दोनदा चहा प्यालो. “मॅडम, चुगली मीच केली होती, माफ करा,” एवढं मात्र बोलता आलं नाही.