पहिल्या पाळीतली कुस्ती

परवा कुंडीत ओली माती भरताना तिचा वास आला आणि बल्लारपूरची ती दुपार आठवली. लग्नाला सहाच महिने झाले होते आणि हे कोळसा खाणीत पहिल्या पाळीला गेले होते. हे जमिनीखाली असेपर्यंत सासूबाई अपशकुन नको म्हणून घरात झाडूसुद्धा लावू देत नसत. दिराने विदेशी कुस्तीच्या एका मोठ्या शोची सीडी आणली होती. आम्ही हसत पाहत होतो, तोच एका धिप्पाड पैलवानाला खड्ड्यात लोटून दुसरा त्याच्यावर फावड्याने माती ओढू लागला. त्याचा एक हात तेवढा वर दिसत होता. "बंद कर ते!" सासूबाई ओरडल्या. "माणूस खाली हाये, अन् तुमी घरात माती देऊन राह्यले?" दिराने घाबरून सीडी थांबवली. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, शेजारचे कामगार आपापल्या घरी आले, ह्यांची सायकल मात्र येईना. सासूबाई उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. तासाभराने हे आले, पंक्चर झालेली सायकल ढकलत. आमची तोंडं कशाने उतरली ते ऐकून हसायलाच लागले. "अवं, खोटं असते ते. लाव, मलेई पाहू दे." दिराने सीडी पुन्हा लावली. त्या हातावर माती पडू लागली तसं ह्यांचं हसू मावळलं. हे उठले आणि ह्यांनीच टीव्ही बंद केला. आता हे रिटायर होऊन दिवसभर घरीच असतात, तरी टीव्हीवर कुस्ती लागली की मी आधी ह्यांना एक हाक मारते आणि ह्यांची ओ आली की मगच पुढे बघते.